मामांचा घडीचा कॅमेरा, दुसऱ्याची लेन्स आणि मालकी नेमकी कुणाची?

मोठी पोस्ट आहे मंडळी. चहा घेऊन बसा, नाहीतर फोटो बघून पुढे जा, राग नाही.

गेल्या आठवड्यात आईचा फोटो टाकला होता. "कुठलं अ‍ॅप?" असं सात-आठ जणांनी विचारलं. अ‍ॅप नाही हो. तो कागदावरचा फोटो आहे, हातात धरता येतो. कॅमेरा पन्नास वर्षांहून जुना आहे, त्यावरची लेन्स दुसऱ्याच यंत्रातली आहे आणि दोघांना जोडणारी रिंग आपल्या कोल्हापुरात, उद्यमनगरात लेथवर झालेली आहे. उत्तर कमेंटमध्ये मावेना, म्हणून ही पोस्ट. आणि लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हा विषय फोटोग्राफीपेक्षा मोठा आहे. विकत घेतलेली वस्तू आपली कुठपर्यंत असते, असा तो प्रश्न आहे.

कॅमेरा मामांचा. मामा बोटीवर इंजिनियर होते. १९६८ साली न्यूयॉर्कला बोट लागली असताना त्यांनी तो घेतला. पोलरॉइड ऑटोमॅटिक, मॉडेल २५०. पेटीतून काढायचा, पुढचं झाकण उघडायचं, लेन्सची पाटी पुढे ओढायची, की मागे काळा भाता हार्मोनियमसारखा पसरतो. काम झालं की परत घडी. मामांनी आणलेल्या फिल्मच्या दोन पॅकेटांत घरातल्या सगळ्यांचे फोटो झाले. त्यातला एक आजीचा, अंगणात, तुळशीवृंदावनाला टेकून. आजीचा एकटीचा असा तेवढाच फोटो आमच्याकडे आहे. फिल्म संपली आणि कॅमेरा ट्रंकेत गेला. इथे फिल्म मिळणार कुठे? पुढची बोट अमेरिकेला लागेल तेव्हा, असं मामा म्हणायचे. मग त्यांनी बोट सोडली, आणि पुढे मामाही गेले.

ट्रंक उघडली चार वर्षांपूर्वी. बॅटरी गळून हिरवी झालेली. लेन्सला आतून बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. भाता मात्र शाबूत, एक छिद्र नाही. आणि रेंजफाइंडर, म्हणजे अंतर जुळवायची वरची खिडकी, अजून लखलखीत. ती जर्मनीच्या झाइस इकॉनने बनवलेली, उगाच नाही.

आता जरा मागे जाऊ. हा कॅमेरा आला कुठून?

एडविन लँड नावाचा माणूस. हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेला, नावावर पाचशेहून जास्त पेटंटं. १९४३ साली सांता फे इथे सुट्टीत असताना त्याच्या लहान मुलीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का बघता येत नाही? ही गोष्ट तो स्वतः सांगायचा, त्यामुळे थोडी घासूनपुसून चकचकीत झालेली असणार. पण तारखा पक्क्या आहेत. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने न्यूयॉर्कला ऑप्टिकल सोसायटीच्या सभेत प्रात्यक्षिक दाखवलं आणि २६ नोव्हेंबर १९४८ ला बोस्टनच्या जॉर्डन मार्श दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. मॉडेल ९५, किंमत ८९ डॉलर ७५ सेंट. दुकानात ठेवलेले नग पहिल्याच दिवशी संपले. तोही भात्याचा, घडीचाच कॅमेरा होता.

युक्ती अशी. एक निगेटिव्ह कागद, एक पॉझिटिव्ह कागद, आणि मध्ये रसायनाच्या जेलीची चपटी पुडी. फोटो काढला की दोन्ही कागद दोन पोलादी रुळांमधून ओढायचे. रसाच्या गाड्यातून ऊस जातो ना, तसं. पुडी फुटते, जेली पसरते. जिथे प्रकाश पडला तिथली चांदी निगेटिव्हवरच राहते. जिथे पडला नाही तिथली विरघळून समोरच्या कागदावर जाते आणि तिथे काळी होते. मिनिटभराने दोन्ही कागद सोलून वेगळे केले की हातात फोटो. अख्खी डार्करूम त्या पुडीत बसवलेली. मला आजही हे थोर वाटतं.

सुरुवातीला ही फिल्म रोलमध्ये यायची. १९६३ मध्ये चपटी पेटी आली, पॅक फिल्म, आणि त्याच वर्षी रंगीत फिल्मही. मामांचा कॅमेरा या घराण्यातला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. डोळा उजेड मोजतो, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते सर्किट ठरवतं, माणसाने फक्त बटण दाबायचं. लँडचं स्वप्नच ते होतं. फोटो काढणाऱ्याला यंत्राचा काही त्रास नको.

पण त्रास नको म्हणजे अधिकारही नको, असं त्यातून आपोआप होत गेलं. मामांच्या कॅमेऱ्याची लेन्स ११४ मिलिमीटरची, एफ/८.८. अंधारी लेन्स. उजेड कमी असेल तर फ्लॅश लावा. छिद्र किती उघडायचं, शटर किती वेगाचं, हे तुम्हाला ठरवता येत नाही. आणि साडेचार व्होल्टची ती विशिष्ट बॅटरी नसेल तर शटर चालतच नाही. स्वतः ठरवायचं असेल तर कंपनीने वेगळे महाग कॅमेरे काढले होते. १९६५ चं मॉडेल १८०, नंतर १९७४ चं १९५. त्यांना जपानी टॉमिनॉन लेन्स आणि हाताने चालवायचं शटर. अंग तेच, भाता तोच, घडी तीच. फरक पुढच्या पाटीवरचा. आज त्या मॉडेलांच्या किमती ऐकल्या तर घाम फुटतो.

मग साध्या कॅमेऱ्याच्या मालकांनी काय केलं? पुढची पाटी उखडली आणि दुसरी लेन्स बसवली!

याला मोठा इतिहास आहे, फक्त तो कंपनीच्या इतिहासात लिहिला जात नाही. पोलरॉइडची रोल फिल्मच्या काळातली ११०ए आणि ११०बी अशी दोन सुंदर मॉडेलं होती, १९५७ आणि १९६० ची, जर्मनीच्या रोडेनस्टॉकची १२७ मिलिमीटरची लेन्स लावलेली. १९९२ मध्ये कंपनीने रोल फिल्म बंद केली. कॅमेरे ठणठणीत, पण पोटात घालायला काही नाही. तेव्हा लोकांनी त्यांचा मागचा भाग करवतीने कापून तिथे पॅक फिल्मचा मागचा भाग बसवायला सुरुवात केली. अमेरिकेत हेच काम करून देणारे व्यावसायिकही उभे राहिले. आणि ज्या कॅमेऱ्यांचं अंग गेलं होतं, त्यांच्या चांगल्या लेन्सा निघाल्या आणि मामांच्या कॅमेऱ्यासारख्या अंधाऱ्या लेन्सवाल्या भावंडांवर चढल्या. एकाची पाठ, दुसऱ्याचा डोळा. आपल्याकडे जुन्या लुनांचं व्हायचं तसंच.

मला रोडेनस्टॉक परवडणारी नव्हती. मला मिळाली टॉमिनॉन, १२७ मिलिमीटर, एफ/४.७, कोपाल शटरसकट. ही लेन्स पोलरॉइडच्याच प्रयोगशाळेत वापरायच्या कॅमेऱ्यांना असायची. दातांचे, हाडांच्या तुकड्यांचे, कागदपत्रांचे जवळून फोटो काढायला. माझी आली एका प्रयोगशाळेच्या भंगारातून, मुंबईमार्गे. ज्याने विकली त्याला ती कशाची आहे हे माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. (देव माफ करो.)

एफ/८.८ वरून एफ/४.७ म्हणजे साडेतीन पट उजेड. शटर स्प्रिंगवर चालणारं, बॅटरीची भानगडच नाही.

काम सोपं वाटलं होतं. तसं ते नव्हतं.

जुनं शटर काढलं. चार स्क्रू आणि काही वायरी. ते काढताना हात थरथरत होता, कारण परतीचा रस्ता नव्हता. मग प्रश्न असा की नवी लेन्स फिल्मपासून किती लांब हवी? लांबचा डोंगर शार्प यायचा तर ११४ ची लेन्स जिथे असते त्यापेक्षा १२७ ची ढोबळमानाने १३ मिलिमीटर पुढे हवी. म्हणजे मध्ये एक रिंग हवी, आणि तिला लेन्सचे आटे हवेत.

उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. साठी ओलांडलेले, आयुष्य ऑइल इंजिनांच्या पार्टात गेलेलं. त्यांना कॅमेरा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, भाता दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाले, "सर, हे फोटो काढतंय व्हय?"

"अजून नाही काढत, मिस्त्री. तुम्ही रिंग दिली की काढेल."

"ड्रॉइंग हाय?"

ड्रॉइंग नव्हतं. कॅलिपरने मापं घेतली, त्यांनी ती खडूने मशीनवरच लिहिली. अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा घेतला आणि तासाभरात रिंग झाली. आटे इतके मऊ की लेन्स दोन बोटांनी फिरते. पैसे विचारले तर म्हणाले, "पैल्यांदा फोटू दावा, मग बघू."

बाहेरच्यांना हे नवल वाटेल, आपल्या गावाला वाटू नये. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता. त्या कामाची सुरुवात करणारे त्यांचे बंधू आनंदराव १९१६ मध्येच गेले, तरी ते थांबले नाहीत. माझी रिंग त्यापुढे काहीच नाही, पण वारसा सांगायला जागा आहे.

घरी आलो. कॅमेऱ्याच्या मागे, जिथे फिल्म असते त्याच पातळीवर, ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला. गच्चीवर ट्रायपॉड, डोक्यावर काळी चादर, आणि लेन्स जोतिबाच्या डोंगराकडे. कागदावर डोंगर उलटा उमटला. खाली आभाळ, वर घरांची छपरं. रिंगमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या घालत-काढत दोन संध्याकाळी गेल्या आणि डोंगराची कड धारदार झाली. शेजारच्या वहिनींनी आईला विचारलं म्हणे, "भाऊजी चादर घेऊन गच्चीवर काय करतात?"

माझ्याकडे तेव्हा फुजीच्या पॅक फिल्मचं एक पॅकेट होतं, २०१५ मध्ये मुदत संपलेलं. दहा फोटो. पहिला आईचा काढला, दीड मीटरवरून, अंगणात. रेंजफाइंडरमध्ये दोन्ही प्रतिमा नाकावर अगदी जुळवल्या. पांढरी पट्टी ओढली, पिवळी ओढली, दोन मिनिटं थांबलो, सोललं. आई धुकट, आणि तिच्या मागची तुळस पान न् पान मोजता येईल इतकी स्वच्छ.

रात्रभर डोकं खाजवल्यावर हिशोब कळला. रेंजफाइंडरचा दांडा ११४ च्या लेन्ससाठी बेतलेला आहे. दीड मीटरवरचा माणूस धरायला ती लेन्स ९.४ मिलिमीटर पुढे सरकवावी लागते. १२७ ची मात्र पावणेबारा मिलिमीटर सरकवावी लागते. लांबचा डोंगर दोघींना सारखाच जुळतो, पण जितकं जवळ यावं तितकी चूक वाढत जाते. खिडकी सांगते दीड मीटर, लेन्स बघत असते एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटरवर. म्हणजे फूटभर मागे. आणि एफ/४.७ वर एवढ्या जवळून जे शार्प येतं त्याची जाडी वितीहूनही कमी. चेहरा हुकणारच.

यावर काही लोक दांडाच नवा घडवतात. माझ्याच्याने ते होईना. मी कॅमेऱ्याच्या रुळावर कागदाची पट्टी चिकटवली, ट्रेसिंग पेपरवर बघून तिच्यावर अंतरांच्या खुणा केल्या, आणि शिंप्याची टेप खिशात ठेवली. आता फोटो काढण्याआधी मी माणसाच्या नाकापर्यंत टेप लावतो. लोक हसतात, आणि हसताना फोटो चांगले येतात.

आणखी एक सांगायचं राहिलं. नवी लेन्स जाड आहे, तिच्यामुळे कॅमेऱ्याचं झाकण बसत नाही. घडीचा कॅमेरा आता घडी होत नाही. मामांनी पाहिलं असतं तर बोलले असते.

इथपर्यंत गोष्ट माझ्या हातातली होती. शटर गेलं, दुसरं लावलं. लेन्स गेली, दुसरी लावली. भाता फाटला तर तोही शिवता येईल. पण फिल्म? ती रसायनाची पुडी कुठला मिस्त्री करून देणार?

धंद्याची मेख तिथेच आहे. कॅमेरा एकदाच विकला जातो, फिल्म आयुष्यभर. १९६५ मध्ये पोलरॉइडने स्विंगर नावाचा कॅमेरा २० डॉलरच्या आत विकला. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे गणित आजचं नाही. आणि ज्याच्या हातात फिल्म, त्याच्याच हातात तुमच्या कॅमेऱ्याचा जीव.

याचा सगळ्यात मोठा धडा पोलरॉइडच्या नाही, कोडॅकच्या गिऱ्हाइकांना मिळाला. कोडॅक आधी पोलरॉइडसाठी निगेटिव्ह बनवून द्यायची. १९७६ मध्ये तिने स्वतःचा इन्स्टंट कॅमेरा बाजारात आणला. पोलरॉइडने काही दिवसांतच पेटंटचा दावा ठोकला. खटला दहा वर्षं चालला, कोडॅक हरली, आणि जानेवारी १९८६ मध्ये तिला इन्स्टंटचा सगळा धंदा बंद करावा लागला. कॅमेरेही, फिल्मही. तोवर लोकांच्या घरात असे दीड कोटीहून जास्त कॅमेरे गेलेले होते. एका सकाळी त्या सगळ्यांची खेळणी झाली. पुढे १९९१ मध्ये कोडॅकने पोलरॉइडला ९२ कोटी ५० लाख डॉलर मोजले. कॅमेऱ्यांच्या मालकांना भरपाईसाठी वेगळं झगडावं लागलं आणि तीही बरीचशी कूपनांच्या रूपात आली. न्यायालयाचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, पेटंट पेटंटच असतं. पण दोन हत्तींच्या भांडणात गवताचा विचार निकालपत्रात फारसा नव्हता, एवढं नक्की.

आणि जिंकलेल्या हत्तीचं काय झालं? डिजिटल आलं, पोलरॉइड चाचपडत राहिली. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. इथे कॅमेरा सोडून माणसांकडे बघा. १९८८ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या घशात जाऊ नये म्हणून कामगारांच्या पगारातला ८ टक्के भाग कापून त्याचे कंपनीचे शेअर त्यांच्या नावावर केले होते. ती ऐच्छिक बचत नव्हती, सक्तीची होती. दिवाळखोरीत ते शेअर कवडीमोल झाले, निवृत्तांचा आरोग्य विमा गेला. २००५ मध्ये कंपनी पुन्हा विकली गेली तेव्हा वरच्या दोन साहेबांना मिळून दोन कोटी डॉलरहून जास्त मिळाले, आणि निवृत्त कामगारांच्या हाती प्रत्येकी ४७ डॉलरचा चेक आला. सत्तेचाळीस! ज्याने ती विकत घेतली त्या टॉम पेटर्सचा धंदाच पुढे बनावट निघाला, गुंतवणूकदारांची अब्जावधी डॉलरची फसवणूक. त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली.

(दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांवर लादलेल्या पासबुकांच्या फोटोंसाठी पोलरॉइडची यंत्रं वापरली जात होती आणि त्याविरुद्ध १९७० मध्ये कंपनीतल्याच कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोघा कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी आवाज उठवला होता. १९७७ मध्ये कंपनी तिथून बाहेर पडली. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, लिहीन.)

फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडने सगळी इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावातला कारखाना मोडीत निघणार होता. तिथलाच एक इंजिनियर आंद्रे बोसमन आणि ऑस्ट्रियाचा फ्लोरियन काप्स यांनी यंत्रं वाचवली, कारखाना भाड्याने घेतला, काही जुने कामगार गोळा केले आणि कंपनीचं नावच ठेवलं 'इम्पॉसिबल'. यंत्रं होती, माणसं होती, पण रसायनं पुरवणारे कारखानेच बंद झालेले. सगळं नव्याने शोधावं लागलं. २०१० मध्ये आलेली पहिली फिल्म लहरी होती. कॅमेऱ्यातून बाहेर येताच उजेडापासून झाकावी लागे, नाहीतर फोटो गेलाच. तरी ते टिकले, आणि २०१७ मध्ये या मंडळींनी पोलरॉइड हे नावच विकत घेतलं. भंगारातून यंत्रं वाचवणाऱ्यांच्या हातात अखेर पाटी आली.

पण ही फिल्म १९७२ च्या एसएक्स-७० आणि तिच्या पुढच्या वंशाची, आपोआप बाहेर येणारी. सोलायच्या पॅक फिल्मवाल्यांना त्यात काही नव्हतं. आम्हाला फुजी तारत होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये फुजीनेही आपली शेवटची पॅक फिल्म, एफपी-१००सी, बंद करत असल्याचं सांगितलं. जगभरातले लाखो घडीचे कॅमेरे एका पत्रकाने शोभेच्या वस्तू झाले.

तुम्ही म्हणाल, हौशी लोकांचं रडगाणं आहे, आमचा काय संबंध? संबंध आहे. तुमच्या मोबाइलची बॅटरी तुम्हाला उघडता येते का? गेल्या वर्षी आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. एक सर्किट बोर्ड. सेवा केंद्रातला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही, एक्स्चेंज ऑफर बघा." मशीनचं पोट, मोटर, सगळं ठणठणीत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे कुणा एकाचं नाही.

पोलरॉइड ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली, तिथेच २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून गाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क मोठ्या बहुमताने मंजूर केला. दुरुस्तीची माहिती आणि साधनं कंपनीच्या डीलरला मिळतात तशी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही मिळाली पाहिजेत, एवढीच मागणी. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं असे चार विभाग. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर सेवा केंद्राचा फोन नंबर मिळणं आणि पार्ट मिळणं यात उद्यमनगर ते जोतिबा एवढं अंतर आहे. मॉडेल बंद केल्यावर किती वर्षं पार्ट द्यायचे, आणि द्यायचे नसतील तर त्याची ड्रॉइंग खुली करायची की नाही, हे बंधन म्हणून लिहिलं गेलं पाहिजे. आमच्या मिस्त्रींना ड्रॉइंग मिळालं तर ते काय करू शकतात ते मी पाहिलंय. ड्रॉइंग नसतानाही पाहिलंय.

असो. कॅमेऱ्याचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण आईचा फोटो अजून यायचाय.

पॅकेटातल्या दहापैकी सहा फोटो बरे आले, एक मिस्त्रींना दिला. त्यांनी तो मशीनच्या वर लावलाय, पैसे घेतले नाहीत. फिल्म संपल्यावर मी बंद पडलेला एक इन्स्टॅक्स वाइड कॅमेरा घेतला. फुजीचीच ही दुसरी फिल्म, आजही सहज मिळणारी. त्याचा रूळ-मोटरचा मागचा भाग कापून मामांच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवला. यात नशिबाने एक गोष्ट जुळते. पोलरॉइडच्या आपोआप बाहेर येणाऱ्या फिल्मवर ज्या बाजूने फोटो बघतो त्याच बाजूने उजेड पडतो, त्यामुळे आत आरसा नसेल तर डावं-उजवं उलटं येतं. इन्स्टॅक्सवर उजेड मागच्या बाजूने पडतो. म्हणून साध्या भात्याच्या कॅमेऱ्यात, आरशाशिवाय, ती सरळ चालते. फिल्मची पातळी मात्र बदलली, त्यामुळे रिंग पुन्हा लेथवर गेली आणि मी पुन्हा चादर घेऊन गच्चीवर. ही फिल्म आयएसओ ८०० ची, माझं शटर १/१२५ च्या वर जात नाही, म्हणून भर उन्हात काही करता येत नाही. सावली हवी. आईला सोप्यात बसवलं, टेप नाकापर्यंत लावली. ती म्हणाली, "ब्लाउज शिवतोस काय रे?" तेवढ्यात बटण दाबलं. तुम्ही पाहिलात तो हाच फोटो. आजीच्या फोटोशेजारी लावलाय.

आता एक विनंती. कुणाच्या घरी, कुणाच्या जुन्या स्टुडिओत, कपाटाच्या तळाशी पॅक फिल्म पडून असेल तर मेसेज करा. दोन मिनिटांत पासपोर्ट फोटो देणाऱ्या स्टुडिओंकडे ही असायची. मुदत संपलेली चालेल, अर्धवट वापरलेली चालेल, रिकामी प्लास्टिकची पेटीसुद्धा चालेल. टाकून तेवढी देऊ नका. आणि तसाच घडीचा कॅमेरा कुणाकडे बंद पडून असेल तर रविवारी घेऊन या. आधी बॅटरी काढून ठेवा, ती गळते.